कन्सोलची किंमत कुठून येते? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं गेमिंग कन्सोलच्या किमतीबद्दल आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवून हा सगळा अंक त्यालाच दिला आहे. उदाहरणात जिथे ‘समजा’ म्हटलं आहे तिथले आकडे हिशोब कळावा म्हणून धरले आहेत. तिथे तुमचे स्वतःचे आकडे घाला.

प्रश्न : अमेरिकेत प्लेस्टेशन ५ बरीच वर्षं ४९९ डॉलरला मिळत होता. ८५ रुपयांनी गुणलं तर ४२,४१५ रुपये होतात. नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) दुकानात मात्र ५४,९९० सांगितले. मधले साडेबारा हजार दुकानदार खातो का? (एक पालक, महाल)

दुकानदाराच्या वाट्याला त्यातलं फार थोडं येतं. मोठा वाटा कराचा आहे.

परदेशातून येणारा कन्सोल सीमाशुल्काच्या ९५०४ या शीर्षकात मोडतो. २०१८च्या अर्थसंकल्पात त्यावरचं मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के झालं. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार लागतो, म्हणजे मालाच्या किमतीवर आणखी २ टक्के. या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. जीएसटी आला तेव्हा हा दर २८ टक्के होता, १ जानेवारी २०१९पासून तो १८वर आला. थोडक्यात, बंदरावर १०० रुपयांचा म्हणून उतरलेला माल आधी १२२ रुपयांचा होतो आणि आयजीएसटी धरून १४३ रुपये ९६ पैशांचा.

आता तुमच्या ५४,९९०चा हिशोब उलटा करू. ही छापील किंमत सर्व करांसह आहे. तिला १.१८ने भागलं की ४६,६०२ उरतात, म्हणजे जीएसटी ८,३८८. समजा वितरक आणि दुकानदार मिळून करपूर्व किमतीवर ६ टक्के घेतात, तर २,७९६ गेले. गोदाम, वाहतूक, वॉरंटीची तजवीज यांचे समजा १,५००. उरले ४२,३०६. यात सीमाशुल्क आहे, म्हणून १.२२ने भागा : ३४,६७७. म्हणजे शुल्क ७,६२९. सरकारकडे गेलेली एकूण रक्कम १६,०१७, छापील किमतीच्या जवळपास २९ टक्के. बंदरावर भरलेला आयजीएसटी आयातदाराला पुढच्या जीएसटीतून वळता मिळतो, म्हणून तो दोनदा मोजायचा नाही. नेटवरचे बरेच हिशोब नेमके इथे चुकतात आणि कर ४० टक्क्यांच्या पुढे दाखवतात.

शिवाय अमेरिकेतल्या ४९९ डॉलरमध्ये तिथला विक्रीकर धरलेला नसतो. तो राज्यागणिक वेगळा असतो आणि बिल करताना वर लागतो. आपल्याकडे करासकट किंमत छापणं बंधनकारक आहे. त्यामुळे दोन पाट्यांची थेट तुलना करायची तर आधी आपल्या पाटीतला कर काढावा लागेल. तुमच्याच उदाहरणात जीएसटी काढल्यावर आपले ४६,६०२ आणि त्यांचे ४२,४१५. फरक साडेबारा हजारांवरून ४,१८७वर आला, आणि सीमाशुल्क त्याहून जास्त आहे. म्हणजे शुल्काचा काही भार कंपनीने स्वतःच्या अंगावर घेतला आहे.

तसं करायला तिला वाव असतो, कारण परदेशी कंपनी आपल्याच भारतीय शाखेला माल विकते आणि आयातीची किंमत घरातल्या घरात ठरते. ती मुद्दाम कमी दाखवून शुल्क वाचवू नये म्हणून अशा व्यवहारांची छाननी करायला सीमाशुल्क खात्यात वेगळी मूल्यांकन शाखा आहे.

दुकानदाराचं म्हणाल तर कन्सोलवर त्याला कमी सुटतं म्हणूनच तो ‘सोबत एक गेम आणि दुसरा कंट्रोलर घ्या’ असा आग्रह धरतो. त्याची खरी कमाई त्या वस्तूंवर होते. नको असेल तर फक्त कन्सोलचं बिल मागा. छापील किमतीच्या वर मात्र एक रुपयाही देऊ नका. २०२१मध्ये तुटवडा असताना जोडीला जबरदस्तीने सामान विकण्याचे प्रकार सर्रास झाले, ते चुकीचंच होतं.

प्रश्न : तेवढ्याच पैशात तेवढ्या ताकदीचा पीसी जुळवता येत नाही. मग कंपनीला कन्सोल परवडतो कसा? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, बजाजनगर)

याची दोन कारणं आहेत. एक बनावटीतलं, दुसरं धंद्यातलं.

बनावटीचं आधी. पीसीमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) हे सगळं वेगवेगळ्या कंपन्यांचं, आणि प्रत्येक डब्यात त्या त्या कंपनीचा नफा, खोका, वितरक, दुकानदार. कन्सोलमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर असतात. १६ जीबी जीडीडीआर६ मेमरी दोघांत मिळून वापरली जाते, पीसीत मात्र रॅम वेगळी आणि ग्राफिक्स कार्डवरची मेमरी वेगळी घ्यावी लागते. हीटसिंक (चिपची उष्णता काढून घेणारा धातूचा भाग) एक, पंखा एक, बोर्ड एक, आणि हे सगळं कोट्यवधींच्या संख्येने एकाच नमुन्याचं.

चिपमध्येही काटकसर आहे. प्लेस्टेशन ५च्या चिपवर ग्राफिक्सचे ४० गट असतात, पण चालू ठेवतात ३६. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये ५६ पैकी ५२. चिप बनताना एखाद्या गटात दोष राहिला तरी तो बंद करून चिप वापरात आणता येते. चारही गट चांगले निघाले तरी ते बंदच ठेवतात, कारण प्रत्येक कन्सोल सारखाच चालला पाहिजे. ही सोय ठेवली नसती तर फेकाव्या लागणाऱ्या चिपांचा खर्च चांगल्या चिपांवर पडला असता.

आता धंद्याचं. नोव्हेंबर २००६मध्ये प्लेस्टेशन ३ अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आला. आयसप्लाय या संस्थेने तो खोलून सुट्या भागांचा आणि जुळणीचा अंदाज काढला : २० जीबीच्या मॉडेलला सुमारे ८०६ डॉलर, ६० जीबीच्या मॉडेलला सुमारे ८४०. म्हणजे प्रत्येक डब्यामागे सुमारे २४० ते ३०७ डॉलरचा खड्डा, तोही जाहिरात आणि संशोधन न धरता. एकट्या ब्लू-रे ड्राइव्हचेच १२५ डॉलर धरले होते. त्या फटक्यानंतर २०१३मध्ये प्लेस्टेशन ४ आला तेव्हा किंमत ३९९ आणि आयएचएस या संशोधन संस्थेचा खर्चाचा अंदाज ३८१. प्लेस्टेशन ५चं ४९९ डॉलरचं मॉडेल आता तोट्यात विकलं जात नाही, असं सोनीने ऑगस्ट २०२१मध्ये, म्हणजे बाजारात आल्यावर साधारण नऊ महिन्यांनी सांगितलं. मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने तर त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात साक्ष दिली की एक्सबॉक्सच्या यंत्रविक्रीवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही.

ही पदरमोड वसूल होते ती गेममधून. कन्सोलच्या डिजिटल दुकानात विकलेल्या प्रत्येक गेमचे साधारण ३० टक्के कंपनी ठेवते. ७० डॉलरच्या गेममागे २१ डॉलर. समजा एका कन्सोलवर १०० डॉलर तोटा झाला, तर ग्राहकाने असे पाच गेम घेतले की तो भरून निघतो. त्यानंतरचा प्रत्येक गेम, प्रत्येक ऑनलाइन वर्गणी, गेममधली प्रत्येक खरेदी हा नफा. म्हणूनच कन्सोलवर दुसऱ्या कुणाचं डिजिटल दुकान चालू देत नाहीत. पीसीवर तशी सक्ती नाही, त्यामुळे पीसीचे भाग तोट्यात विकण्यात कुणालाच रस नसतो.

निन्टेन्डोचं धोरण वेगळं. ती कंपनी शक्यतो यंत्रावरही कमावते, म्हणून जुनी, स्वस्त झालेली चिप वापरते. २०११मध्ये मात्र थ्रीडीएस या तिच्या कन्सोलची विक्री मंदावली आणि सहा महिन्यांच्या आत जपानमधली किंमत २५,००० येनवरून १५,०००वर आणावी लागली. तेव्हा तिलाही यंत्रामागे तोटा सोसावा लागला.

तुम्ही विद्यार्थी आहात, तर निर्णय असा घ्या : वर्षाला एक-दोनच गेम घेणार असाल तर कन्सोल तुम्हाला खरंच स्वस्त पडेल, कारण तुमच्या वाट्याची वसुली दुसरे ग्राहक करतील. महिन्याला एक नवा गेम घेणार असाल तर चार वर्षांचा पूर्ण खर्च मांडा. त्यात पीसी बरेचदा जवळ येतो, आणि त्यावर कॉलेजचं कामही होतं.

प्रश्न : आधीच्या काळी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा. आता थांबलो तर किंमत वाढतेच आहे. असं का? (वाचक, त्रिमूर्तीनगर)

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २०००मध्ये २९९ डॉलरला होता, २००९मध्ये ९९ला. प्लेस्टेशन ३ तीन वर्षांत ५९९वरून २९९वर आला. प्लेस्टेशन ५ मात्र ऑगस्ट २०२५मध्ये ५० डॉलरने महाग झाला. एक्सबॉक्स सिरीज एक्स ४९९वरून मे २०२५मध्ये ५९९ आणि ऑक्टोबरमध्ये ६४९ डॉलरच्या वर गेला.

पूर्वी किंमत उतरायची ती चिप लहान होत गेल्यामुळे. चिपा ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर बनतात, आणि कारखाना पैसे घेतो पूर्ण वेफरचे. प्लेस्टेशन ५ची मूळ चिप ७ नॅनोमीटर तंत्राची, सुमारे ३०८ चौरस मिलिमीटर. गोल चकतीच्या कडेचे अर्धवट तुकडे सोडले तर एका वेफरवर साधारण १९० बसतात. २०२२मध्ये ती ६ नॅनोमीटरवर नेली, आकार सुमारे २६० झाला आणि वेफरमागे साधारण २३० बसू लागल्या. म्हणजे २० टक्के जास्त. शिवाय चिप कमी तापू लागल्याने हीटसिंक छोटा झाला. पहिल्या मॉडेलचं वजन साडेचार किलो होतं, २०२२च्या मॉडेलचं ३.९ आणि स्लिमचं ३.२. वजन उतरलं की धातू वाचतो आणि मालवाहतुकीचं भाडंही.

मग भाव का चढला? कारण यापुढच्या पायऱ्या महाग आहेत. ५ किंवा ३ नॅनोमीटरचा वेफर इतका महाग पडतो की जास्त चिपा बसूनही एका चिपेचा खर्च फारसा उतरत नाही. चिपेतला कॅश मेमरीचा आणि बाहेरच्या जोडण्यांचा भाग तर नव्या तंत्रात जवळजवळ आकसतच नाही. मेमरी आणि एसएसडीचे भाव जागतिक मागणीप्रमाणे वरखाली होतात आणि एआयच्या सर्व्हरांमुळे मेमरीवर सध्या मोठा ताण आहे. अमेरिकेत २०२५मध्ये आयातशुल्काची भर पडली. आपल्याकडे रुपया घसरला की आयातीची किंमत वाढते आणि शुल्क टक्केवारीने असल्यामुळे तेही त्यासोबत वाढतं. भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये ४९,९९०ला आलेला प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२२मध्ये ५४,९९०चा झाला.

कायमची घट होईल या आशेवर वर्ष-दोन वर्षं थांबू नका. दिवाळीच्या आसपास कंपनीकडून काही हजारांची मुदतीची सूट निघते, तेवढी मात्र जरूर साधा.

प्रश्न : नंदनवनात चार कन्सोलचं गेमिंग पार्लर काढायचं आहे. बाजूचे तासाला ८० रुपये घेतात. मी ७० ठेवू का? (होतकरू व्यावसायिक)

७० ठेवू नका. आधी हा हिशोब पाहा.

एका सीटचं भांडवल समजा असं : कन्सोल ५५,०००, ४३ इंची टीव्ही २७,०००, दुसरा कंट्रोलर ६,०००, टेबल-खुर्ची-वायरिंग १२,०००. एक लाख झाले. तीन वर्षांनी ३० टक्के परत मिळतील असं धरा, तर ७०,००० भागिले ३६, महिन्याला १,९४४. चार सीटचे ७,७७६.

वीज : कन्सोल खेळताना साधारण २०० वॉट आणि टीव्ही ८० वॉट. रोज ८ तास, महिन्याला २६ दिवस, चार सीट मिळून सुमारे २३३ युनिट. दीड टनी एसी तासाला दीड युनिट धरला तर ३१२. एकूण ५४५ युनिट. व्यापारी जोडणीचा सगळे आकार धरून १५ रुपये दर समजला तर ८,१७५ रुपये. घरगुती मीटरवर पार्लर चालवू नका, महावितरणची तपासणी झाली तर फरकाचं आणि दंडाचं बिल येतं.

कंट्रोलर : आठ असतील आणि प्रत्येक वर्षात एकदा बदलावा लागेल असं धरा, ४,००० महिना. गेम ३,०००, इंटरनेट १,०००, भाडं १८,०००, एक मुलगा १२,०००. सगळं मिळून ५३,९५१.

तुमच्याकडे विकायला महिन्याला ८३२ तास आहेत. ते सगळे कधीच भरत नाहीत. शाळा-कॉलेजच्या दिवसांत दुपारपर्यंत पार्लर रिकामंच असतं. ४५ टक्के भरले तर ३७४ तास, म्हणजे तासाला १४४ रुपये नुसता खर्च. ६० टक्के भरले तरी १०८. म्हणजे शेजारी ८० घेतो तो एकतर स्वतःच्या जागेत बसला आहे, किंवा यंत्राची झीज धरतच नाही आणि तिसऱ्या वर्षी नवा कन्सोल घ्यायची वेळ आली की अडकेल. एकाच टीव्हीवर दोघं खेळतात तेव्हा माणशी दर लावा. ७५ रुपये माणशी म्हटलं की जोडीचे १५० होतात आणि गिऱ्हाइकाला ते जड वाटत नाही.

कंट्रोलरचा खर्च कमी करता येतो. न हलवता पात्र आपोआप सरकू लागलं की दोष काडीखालच्या छोट्या पोटेन्शिओमीटरमध्ये (काडी किती कलली हे मोजणाऱ्या भागात) असतो. त्यातली कार्बनची पट्टी घासून झिजते. काडीचा हा पूर्ण भाग बोर्डाला १४ ठिकाणी झाळलेला असतो : दोन पोटेन्शिओमीटरचे तीन-तीन पाय, बटणाचे चार, सांगाड्याचे चार. सांगाड्याचे पाय अर्थिंगच्या मोठ्या तांब्याला जोडलेले असल्याने उष्णता शोषून घेतात. घाईत ओढलं तर बोर्डावरचं छिद्र उखडतं आणि कंट्रोलर कायमचा जातो. कमी तापमानाला वितळणारं सोल्डर आधी मिसळा, खालून बोर्ड गरम करा, मग भाग अलगद सुटतो. चुंबकीय सेन्सरचा भाग बसवला तर झीज थांबते, पण नंतर मध्यबिंदू जुळवून घ्यावाच लागतो. सीताबर्डीत मोबाइल दुरुस्ती करणारे हे काम करू शकतात. पहिला कंट्रोलर देताना आधी बिघडलेल्यावर हात दाखवायला सांगा.

आणखी एक. प्लेस्टेशनच्या खात्याच्या अटी वैयक्तिक, बिगर-व्यापारी वापरासाठीच्या आहेत. अट मोडली म्हणून खातं बंद झालं तर त्यावरचे डिजिटल गेम जातात. पैसे गुंतवण्याआधी त्या अटी आणि प्रत्येक गेमचा परवाना एखाद्या वकिलाला दाखवा. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही.

प्रश्न : निन्टेन्डो स्विच घ्यायचा आहे. एक जण ‘इम्पोर्टेड, बिल नाही, म्हणून स्वस्त’ म्हणतो. घ्यावा का? (वाचक, मानेवाडा)

निन्टेन्डो भारतात स्विच अधिकृतपणे विकतच नाही, त्यामुळे इथे दिसणारा प्रत्येक स्विच कुणीतरी बाहेरून आणलेला असतो. प्रश्न इतकाच की शुल्क भरून आणला की न भरता. रीतसर आयात झालेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, छापील कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असलाच पाहिजे. व्हिडिओ गेम यंत्रं बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) सक्तीच्या नोंदणीत येतात, म्हणून ‘आर’ने सुरू होणारा आठ अंकी क्रमांकही हवा. हे काहीच नसेल तर स्वस्ताई म्हणजे न भरलेला कर आणि न मिळणारी वॉरंटी.

स्विच २ घेताना जास्त जपा. २०२५मध्ये जपानमध्ये त्याची दोन मॉडेलं आली : ४९,९८० येनचं फक्त जपानी भाषेचं, आणि ६९,९८० येनचं सर्व भाषांचं. यंत्र तेच, फरक २०,००० येनचा. स्वस्त मॉडेल कमजोर येनमुळे परदेशी खरेदीदारांनी उचलून नेऊ नये म्हणून ते जपानी भाषा आणि जपानी खात्यापुरतं बांधून ठेवलं आहे. तोच इथे ‘स्वस्त’ म्हणून गळ्यात मारला जातो. दुकानातच चालू करायला लावा, सेटिंगमध्ये इंग्रजी निवडून पाहा, नाही दिसली तर परत करा.

प्रश्न : डिस्कवाला घेऊ की डिजिटल? (वाचक, जरीपटका)

भारतात दोघांतला फरक बरीच वर्षं १०,००० रुपये होता. ड्राइव्ह बसवायला कंपनीला तेवढा खर्च येत नाही. डिजिटल मॉडेल स्वस्त ठेवलं आहे कारण त्याचा ग्राहक फक्त कंपनीच्याच दुकानातून घेऊ शकतो. नवा गेम ४,९९९ला घेऊन समजा ३,०००ला विकता आला, तर चार गेममध्येच दहा हजार वसूल. मित्राकडून डिस्क आणता येते ती वेगळीच. वर्षाला दोनपेक्षा जास्त मोठे गेम खेळणार असाल तर डिस्कवालाच घ्या.

प्रश्न : उन्हाळ्यात कन्सोल बंद पडतो. वॉरंटीत येतं का? (वाचक, गोधनी)

तापून स्वतःहून बंद होणं ही संरक्षणाची सोय आहे, तेवढ्याने दोष मानला जात नाही. प्लेस्टेशन ५ला वापरासाठी ५ ते ३५ अंश तापमान सांगितलं आहे. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे बंद खोली सहज त्यापुढे जाते. भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर जागा सोडा, बंद कपाटात ठेवू नका, आणि कूलरच्या थेट झोतातही नको, कारण ओलाव्यासोबत आलेली धूळ हीटसिंकच्या पात्यांत चिकटून बसते.

उष्णतेचा खर्च कंपन्याही ओळखून आहेत. एक्सबॉक्स ३६०मध्ये वारंवार तापण्या-निवण्याने ग्राफिक्स चिपच्या जोडण्या तडकू लागल्या. जुलै २००७मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षं केली आणि त्यासाठी १०५ ते ११५ कोटी डॉलर बाजूला काढले.  तुमचा कन्सोल वॉरंटीत असेल तर स्वतः खोलू नका. प्लेस्टेशन ५मध्ये चिपेवर द्रवरूप धातू लावलेला असतो, तो बोर्डावर ओघळला तर शॉर्ट होऊन यंत्र जातं. बाहेरच्या धूळ गोळा होण्याच्या छिद्रांपुरता व्हॅक्यूम चालवा, तोही यंत्र बंद करून आणि प्लग काढून.